फिलिप मायर

फिलिप मायर (जन्म : डेश्लर, नेब्रास्का, २७ ऑक्टोबर १९३०, मृत्यू : कारबरो, नॉर्थ कॅरोलायना, ४ नोव्हेंबर २०२३) हे अमेरिकन पत्रकार, पत्रकारितेचे प्राध्यापक आणि ग्रंथकार होते. समाजशास्त्रातील संशोधनपद्धती, सांख्यिकी आणि संगणक यांचा वार्तांकनात पद्धतशीर उपयोग करणाऱ्या आद्य पत्रकारांमध्ये त्यांची गणना होते. 'प्रिसिजन जर्नलिझम' (अचूक पत्रकारिता) या नावाने ओळखली जाणारी त्यांची विचारसरणी पुढे संगणक-साहाय्यित वार्तांकन आणि आजची डेटा पत्रकारिता यांचा पाया ठरली.

१९६७ मध्ये डेट्रॉइट शहरात झालेल्या दंगलीनंतर मायर यांनी केलेले नमुना सर्वेक्षण हे त्यांचे सर्वाधिक परिचित काम होय. दंगलीत कोण सामील झाले आणि का, याविषयी त्या वेळी प्रचलित असलेली काही स्पष्टीकरणे या सर्वेक्षणाच्या आकड्यांपुढे टिकली नाहीत. पत्रकाराचे विधान केवळ संबंधितांच्या वक्तव्यांवर न बेतता इतरांना तपासून पाहता येईल अशा पुराव्यावर उभे असावे, हा त्यांच्या पुढील सर्व लेखनाचा आणि अध्यापनाचा गाभा राहिला.

जीवन व शिक्षण

मायर यांचे बालपण कॅन्सस राज्यात गेले. कॅन्सस स्टेट विद्यापीठातून १९५२ मध्ये त्यांनी पदवी घेतली. नौदलातील सेवेनंतर टोपेका येथील 'टोपेका डेली कॅपिटल' या दैनिकात त्यांनी काम केले. त्यानंतर चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात त्यांनी राज्यशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. या विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी त्यांना १९६३ मध्ये मिळाली.

१९५८ मध्ये ते 'मायामी हेराल्ड' या दैनिकात बातमीदार म्हणून रुजू झाले. १९६२ पासून ते नाइट वृत्तपत्रसमूहाच्या वॉशिंग्टन कार्यालयात वार्ताहर होते. या समूहात 'मायामी हेराल्ड', 'डेट्रॉइट फ्री प्रेस' आणि 'अ‍ॅक्रन बीकन जर्नल' ही वृत्तपत्रे होती. राजधानीत काम करताना राजकीय पक्ष व उमेदवार जनमत चाचण्या आणि संगणक यांचा उपयोग करू लागले आहेत, पण त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या पत्रकारांकडे मात्र ही साधने नाहीत, ही विसंगती त्यांच्या लक्षात आली.

१९६६-६७ या वर्षासाठी त्यांना हार्वर्ड विद्यापीठाची नीमन अधिछात्रवृत्ती मिळाली. अनुभवी पत्रकारांना एक वर्ष कामातून मोकळे करून हव्या त्या विषयाच्या अभ्यासाची संधी देणारी ही अधिछात्रवृत्ती आहे. मायर यांनी या काळात सर्वेक्षणशास्त्र, सांख्यिकी आणि संगणकाद्वारे विदाविश्लेषण यांचे शिक्षण घेतले. त्या काळातील संगणक खोलीभर जागा व्यापणारे होते. सर्वेक्षणाची उत्तरे पंच कार्डांवर छिद्रांच्या रूपाने नोंदवून ती यंत्रात घालावी लागत. वृत्तपत्रसृष्टीत अशा यंत्राचा उपयोग तोवर अपवादानेच झाला होता. १९५२ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या रात्री सीबीएस या वाहिनीने युनिव्हॅक संगणकाच्या साहाय्याने निकालाचा अंदाज वर्तवला, तो असाच एक अपवाद होय.

डेट्रॉइट सर्वेक्षण (१९६७)

दंगलीची पार्श्वभूमी

२३ जुलै १९६७ च्या पहाटे डेट्रॉइटमधील बाराव्या रस्त्यावरील एका विनापरवाना मद्यगृहावर पोलिसांनी छापा घातला. तेथे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या स्वागताचा कार्यक्रम सुरू होता. उपस्थित कृष्णवर्णीय नागरिकांना अटक होत असताना जमाव जमला आणि पाहता पाहता शहराच्या मोठ्या भागात जाळपोळ व लुटालूट सुरू झाली. नॅशनल गार्ड आणि पाठोपाठ केंद्रीय सैन्य पाचारण करण्यात आले. या दंगलीत ४३ जणांचा मृत्यू झाला आणि ७,००० हून अधिक लोकांना अटक झाली.

दंगलीच्या कारणांविषयी दोन मते विशेष प्रचलित होती. पहिल्या मतानुसार दंगलखोर म्हणजे समाजाच्या तळाशी असलेले, अशिक्षित आणि कोणतीही आशा न उरलेले मूठभर लोक. दुसऱ्या मतानुसार दक्षिणेकडील ग्रामीण भागातून नुकतेच आलेले व उत्तरेतील शहरी जीवनाशी जुळवून घेऊ न शकलेले स्थलांतरित हे दंगलीचे मूळ होते. दोन्ही मते अग्रलेखांतून व नेत्यांच्या वक्तव्यांतून ठामपणे मांडली जात होती. परंतु दंगलग्रस्त वस्तीतील लोकांना पद्धतशीरपणे विचारून ती कोणी पडताळलेली नव्हती.

सर्वेक्षणाची पद्धत

हार्वर्डमधील वर्ष संपवून परतलेल्या मायर यांना 'डेट्रॉइट फ्री प्रेस'च्या मदतीसाठी पाठवण्यात आले. लॉस एंजेलिसमधील वॉट्स भागात १९६५ मध्ये झालेल्या दंगलीचा कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी सर्वेक्षणाच्या मार्गाने अभ्यास केला होता. तशीच पाहणी डेट्रॉइटमध्ये करावी, मात्र विद्यापीठीय संशोधनाला लागणाऱ्या वर्षांऐवजी ती काही आठवड्यांत पूर्ण करावी, असा मायर यांचा प्रस्ताव होता. मिशिगन विद्यापीठाच्या समाजसंशोधन संस्थेतील नेथन कॅप्लन आणि जॉन रॉबिन्सन या अभ्यासकांनी त्यांना साहाय्य केले. डेट्रॉइट अर्बन लीग ही संस्थाही या उपक्रमात सहभागी होती.

दंगलग्रस्त भागांतील घरांमधून संभाव्यतेच्या तत्त्वावर नमुना निवडण्यात आला. रस्त्यात भेटेल त्याला प्रश्न विचारण्याच्या नेहमीच्या पत्रकारी रीतीपेक्षा ही पद्धत मूलतः वेगळी होती. मुलाखतकार म्हणून कृष्णवर्णीय शिक्षकांना प्रशिक्षण देण्यात आले, कारण गोऱ्या अनोळखी व्यक्तीसमोर लोक मोकळेपणाने बोलणार नाहीत हे उघड होते. उत्तरदात्यांची नावे गुप्त राहतील अशी हमी दिली गेली. एकूण ४३७ जणांच्या मुलाखती झाल्या. पोलिसांची वागणूक, घरांची स्थिती व रोजगार यांविषयीच्या प्रश्नांबरोबरच दंगलीत आपण स्वतः भाग घेतला होता का, हा प्रश्नही त्यांना विचारण्यात आला. उत्तरांचे विश्लेषण विद्यापीठाच्या मेनफ्रेम संगणकावर करण्यात आले.

निष्कर्ष

सर्वेक्षणाचे निष्कर्ष २० ऑगस्ट १९६७ पासून, म्हणजे दंगल सुरू झाल्यानंतर चार आठवड्यांनी, 'डेट्रॉइट फ्री प्रेस'मध्ये प्रसिद्ध होऊ लागले. 'द पीपल बियाँड ट्वेल्फ्थ स्ट्रीट' (बाराव्या रस्त्यापलीकडील माणसे) असे या लेखमालेचे शीर्षक होते. तिचे प्रमुख निष्कर्ष पुढीलप्रमाणे होते :

• महाविद्यालयात शिकलेले आणि माध्यमिक शाळा अर्धवट सोडलेले या दोन्ही गटांत दंगलीतील सहभागाचे प्रमाण जवळपास सारखे होते. दंगलखोर म्हणजे अशिक्षितांचा जमाव, या मताला त्यामुळे आधार उरला नाही.

• दक्षिणेत वाढलेल्यांपेक्षा उत्तरेत वाढलेल्या लोकांमध्ये सहभागाचे प्रमाण सुमारे तिप्पट होते. स्थलांतरितांच्या असमायोजनाचा सिद्धांत यामुळे उलटा ठरला.

• तक्रारींमध्ये पोलिसांचे गैरवर्तन, दाटीवाटीची व निकृष्ट घरे आणि रोजगाराचा अभाव या बाबी अग्रस्थानी होत्या.

दंगलींच्या चौकशीसाठी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाच्या १९६८ मधील अहवालात डेट्रॉइटमधील सर्वेक्षणाची आकडेवारी वापरण्यात आली. १५ वर्षे व त्यावरील वयाच्या रहिवाशांपैकी सुमारे ११ टक्के लोकांनी आपण दंगलीत भाग घेतल्याचे सांगितले होते. त्यांच्यातील सुमारे ७४ टक्के लोक उत्तरेत वाढलेले होते, तर दंगलीपासून पूर्णपणे दूर राहिलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ३६ टक्के होते. सुमारे १६ टक्के लोकांनी दंगल आवरण्याचा किंवा इतरांना मदत करण्याचा प्रयत्न केला होता. दंगलीकडे संपूर्ण वस्तीचा उठाव म्हणून किंवा केवळ गुंडांचा उद्योग म्हणून पाहणाऱ्या दोन्ही दृष्टिकोनांना ही आकडेवारी छेद देणारी होती.

दंगलीचे वार्तांकन आणि तिच्या मूळ कारणांचा जलद व अचूक शोध या कामगिरीबद्दल 'डेट्रॉइट फ्री प्रेस'च्या संपादकीय विभागाला १९६८ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक कोणा एका व्यक्तीला नसून संपूर्ण विभागाला होते. मायर यांचे सर्वेक्षण हा त्या कामाचा एक भाग होता.

मायामी येथील पाहणी

१९६८ मध्ये मायर यांनी मायामीतील कृष्णवर्णीय नागरिकांच्या मतांची अशीच पाहणी केली. त्याच वर्षी ४ एप्रिल रोजी मार्टिन ल्यूथर किंग (कनिष्ठ) यांची हत्या झाली. त्यानंतर लोकांकडे पुन्हा जाऊन हत्येपूर्वीच्या व नंतरच्या मतांची तुलना करण्यात आली. किंग यांच्याबरोबर त्यांचा अहिंसेचा मार्गही संपला, असे त्या वेळी अनेक भाष्यकार म्हणत होते. मायामीतील उत्तरांवरून मात्र अहिंसेच्या विचाराचा प्रभाव ओसरल्याचे दिसले नाही. या पाहणीवर आधारित मायर यांचा लेख १९६९ मध्ये 'पब्लिक ओपिनियन क्वार्टर्ली' या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला. बातमीसाठी केलेले काम तज्ज्ञांच्या परीक्षणासाठी विद्वत्पत्रिकेत मांडण्याचा हा प्रकार तत्कालीन पत्रकारितेत दुर्मीळ होता.

अचूक पत्रकारितेची संकल्पना

१९६९-७० मध्ये रसेल सेज प्रतिष्ठानच्या साहाय्याने मायर यांनी पत्रकारांसाठी समाजशास्त्रीय पद्धतींचे मार्गदर्शक पुस्तक लिहिले. ते 'प्रिसिजन जर्नलिझम : अ रिपोर्टर्स इंट्रोडक्शन टू सोशल सायन्स मेथड्स' या नावाने इंडियाना युनिव्हर्सिटी प्रेसने १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. 'प्रिसिजन जर्नलिझम' ही संज्ञा मात्र मायर यांची नव्हती. पत्रकारितेचे अभ्यासक एव्हरेट डेनिस यांनी १९७१ च्या सुमारास ऑरेगन विद्यापीठात अध्यापन करताना ती वापरली होती आणि मायर यांनी तिचे श्रेय त्यांनाच दिले आहे.

त्या काळात अमेरिकेत टॉम वुल्फ आदी लेखकांची 'न्यू जर्नलिझम' ही चळवळ जोरात होती. कथालेखनाची तंत्रे वापरून घटनेचा अनुभव वाचकापर्यंत पोहोचवणे हा तिचा मार्ग होता. दोन्ही बाजूंची वक्तव्ये शेजारीशेजारी छापून निर्णय वाचकावर सोडणाऱ्या पारंपरिक वस्तुनिष्ठतेविषयीचे असमाधान दोन्ही प्रवाहांत समान होते. मात्र एकाने साहित्याची वाट धरली, तर दुसऱ्याने विज्ञानाची. मायर यांच्या मते वस्तुनिष्ठता निष्कर्षात नव्हे, तर पद्धतीत असावी लागते. पत्रकाराला स्वतःची मते असतातच. ती चुकीची असतील तर तसे उघड होईल अशा रीतीने त्याने चौकशी केली पाहिजे.

मुख्य तत्त्वे

गृहीतक व पडताळणी : पत्रकाराने आपली शंका तपासता येण्याजोग्या विधानाच्या रूपात मांडावी आणि ती खोटी ठरवू शकेल असा पुरावाही शोधावा.

नमुना व त्रुटी : निवडक उदाहरणांवरून संपूर्ण समाजाविषयी विधान करता येत नाही. यादृच्छिक नमुना घेतल्यास संभाव्य चूक किती हे मोजता येते. उदाहरणार्थ, साध्या यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या ४३७ जणांच्या नमुन्यात ९५ टक्के विश्वासपातळीवर ही चूक अधिक-उणे सुमारे ५ टक्के बिंदू इतकी असते.

तुलना : एकटा आकडा फारसे काही सांगत नाही. दंगलीत भाग घेतलेल्यांपैकी किती जण बेरोजगार होते याला अर्थ येतो तो भाग न घेतलेल्यांमधील बेरोजगारांचे प्रमाण माहीत झाल्यावरच.

सहसंबंध व कार्यकारणभाव : दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. तिसऱ्या घटकाचा प्रभाव वेगळा काढून पाहावा लागतो.

पुनरावृत्तिक्षमता : पद्धत व विदा इतक्या स्पष्टपणे नोंदवाव्यात की दुसऱ्या कोणालाही तेच विश्लेषण पुन्हा करून निष्कर्ष पडताळता यावा.

'द न्यू प्रिसिजन जर्नलिझम' ही पुस्तकाची नवी आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि चौथी आवृत्ती २००२ मध्ये. या आवृत्त्यांत मायर यांनी बदलत्या परिस्थितीची दखल घेतली. पूर्वी माहिती दुर्मीळ असल्याने ती मिळवण्यातच पत्रकाराची शक्ती खर्च होत असे. माहिती मुबलक झाल्यावर तिची निवड, मांडणी व अर्थ लावणे हे मुख्य काम बनते, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणून विदेचे व्यवस्थापन व विश्लेषण ही पत्रकाराची मूलभूत कौशल्ये असावीत, असा आग्रह त्यांनी धरला.

न्यायालयीन नोंदींचे विश्लेषण

सर्वेक्षणाखेरीज सरकारी दप्तरातील नोंदींनाही हीच पद्धत लागू पडते, हे 'फिलाडेल्फिया इन्क्वायरर'मधील कामातून दिसून आले. डोनाल्ड बार्लेट आणि जेम्स स्टील या शोधपत्रकारांनी फिलाडेल्फियातील न्यायालयांमधून हिंसक गुन्ह्यांच्या १,०३४ खटल्यांची माहिती गोळा केली. आरोपीचा वंश, वय, पूर्वीचे गुन्हे, न्यायाधीश, निकाल आणि शिक्षा असे तपशील कागदपत्रांतून हाताने उतरवून पंच कार्डांवर घेण्यात आले. संगणकीय विश्लेषणाची बाजू मायर यांनी सांभाळली. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मालिकेने सारख्या गुन्ह्यांसाठी दिल्या जाणाऱ्या शिक्षांमधील मोठी तफावत दाखवून दिली. न्यायदानातील विषमता एखाददुसऱ्या हृदयद्रावक प्रकरणावरून नव्हे, तर नोंदींच्या मोठ्या संचावरून मांडणारे हे आरंभीच्या कामांपैकी एक मानले जाते.

विविधता निर्देशांक

मायर यांनी 'यूएसए टुडे' या दैनिकासाठी सल्लागार म्हणूनही काम केले. १९९० च्या जनगणनेच्या वार्तांकनासाठी त्यांनी पत्रकार शॉन मॅकिंटॉश यांच्यासह वांशिक विविधतेचा निर्देशांक तयार केला. एखाद्या प्रदेशातून यदृच्छया निवडलेल्या दोन व्यक्ती भिन्न वंशगटांच्या असण्याची शक्यता किती, हे तो सांगतो. प्रत्येक गटाच्या प्रमाणाचा वर्ग करून त्या वर्गांची बेरीज १ मधून वजा केली की निर्देशांक मिळतो. समजा, एखाद्या शहरात तीन गटांचे प्रमाण ७०, २० आणि १० टक्के आहे. वर्गांची बेरीज ०.४९ + ०.०४ + ०.०१ म्हणजे ०.५४ होते आणि निर्देशांक ०.४६ येतो. म्हणजेच दोन अनोळखी व्यक्ती भिन्न गटांतील असण्याची शक्यता ४६ टक्के आहे.

या मोजमापामागील गणित भाषाभ्यासातही परिचित आहे. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९५६ मध्ये भाषिक वैविध्य मोजण्यासाठी याच प्रकारची पद्धत सुचवली होती. तिच्यात वंशगटांच्या जागी मातृभाषा धरल्या जातात. त्यामुळे बहुभाषिक प्रदेशांच्या व माध्यमांच्या अभ्यासासाठीही हे साधन उपयोगी पडते. मायर व मॅकिंटॉश यांचे योगदान सूत्राच्या शोधात नव्हते. जनगणनेतील किचकट तक्ते सामान्य वाचकाला समजेल अशा एका आकड्यात आणणे आणि त्यावरून गावोगावची तुलना शक्य करणे, हे ते योगदान होय. अमेरिकेच्या जनगणना विभागाने २०२० च्या जनगणनेचे निकाल मांडताना याच तत्त्वावरचा निर्देशांक वापरला. तो २०१० मध्ये ५४.९ टक्के होता, तर २०२० मध्ये ६१.१ टक्के झाला.

अध्यापन

१९८१ मध्ये मायर चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९९३ पासून ते तेथील पत्रकारितेच्या नाइट अध्यासनाचे प्रमुख होते आणि २००८ मध्ये निवृत्त झाले. १९८९-९० मध्ये जनमत संशोधकांच्या अमेरिकन संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. पत्रकारितेच्या नीतिशास्त्रावर त्यांनी 'एथिकल जर्नलिझम' (१९८७) हे पुस्तक लिहिले. सांख्यिकीचे ज्ञान ही केवळ तांत्रिक बाब नसून नैतिक जबाबदारी आहे, असे ते मानत. कारण चुकीच्या आकड्यावर बेतलेली बातमी ज्यांच्याविषयी असते, त्यांचे नुकसान खऱ्या अर्थाने होत असते.

वृत्तपत्रांच्या भवितव्याविषयीचे विचार

विद्यापीठात येण्यापूर्वी मायर यांनी नाइट-रिडर समूहात वाचक व खप यांविषयीच्या संशोधनाचे काम पाहिले होते. घरच्या दूरचित्रवाणी संचावर बातम्या व सेवा पुरवणारी 'व्ह्यूट्रॉन' ही या समूहाची आरंभीची इलेक्ट्रॉनिक सेवा होती. १९८३ मध्ये सुरू झालेली ही सेवा १९८६ मध्ये बंद पडली.

या अनुभवावर आधारलेले 'द व्हॅनिशिंग न्यूजपेपर' हे पुस्तक २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. वृत्तपत्राचा व्यवसाय बातम्या विकण्याचा नसून प्रभावाचा आहे, हा नाइट-रिडरचे अधिकारी हॅल युर्गन्समायर यांचा विचार मायर यांनी त्यात विस्ताराने मांडला. दर्जेदार वार्तांकनातून विश्वास निर्माण होतो, विश्वासातून समाजावरील प्रभाव वाढतो आणि त्या प्रभावामुळे वाचक व जाहिरातदार टिकून राहतात. खर्च वाचवण्यासाठी संपादकीय विभागाला कात्री लावणारे मालक तात्पुरता नफा मिळवतात, पण आपली मूळ पुंजीच खर्च करून टाकतात, असा इशारा त्यांनी दिला. विश्वासार्हता, लेखनातील चुका, संपादकीय मनुष्यबळ आणि खप यांच्या परस्परसंबंधांची आकडेवारी देऊन त्यांनी हे विवेचन केले.

या पुस्तकातील एक आकडा विशेष गाजला. १९७० च्या दशकापासून होत असलेल्या सामान्य सामाजिक सर्वेक्षणात रोज वृत्तपत्र वाचणाऱ्यांचे प्रमाण सातत्याने घटत होते. ही घसरण सरळ रेषेत पुढे वाढवल्यास २०४३ मध्ये ती शून्यावर येते. २००६ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट' या साप्ताहिकाने याचा उल्लेख केल्यानंतर हा आकडा छापील वृत्तपत्रांच्या मृत्यूचे भाकीत म्हणून जगभर फिरला. मायर यांनी नंतर स्पष्ट केले की, असे कल सहसा सरळ रेषेत अखेरपर्यंत जात नाहीत. त्यामुळे ही रेषा भाकीत म्हणून वाचू नये. आकड्यांच्या काटेकोर वापराचा पुरस्कार करणाऱ्या अभ्यासकाचाच आकडा संदर्भ सोडून वापरला जावा, हा योगायोग त्यांच्या शिकवणुकीची गरज दाखवून देतो.

प्रभाव

१९८० च्या दशकात स्वस्त वैयक्तिक संगणक आल्यावर मायर यांची पद्धत अमेरिकेतील मध्यम वृत्तपत्रांच्याही आवाक्यात आली. गृहकर्जांच्या वाटपातील वंशभेद उघड करणाऱ्या 'द कलर ऑफ मनी' या 'अटलांटा जर्नल-कॉन्स्टिट्यूशन'मधील मालिकेसाठी बिल डेडमन यांना १९८९ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर 'मायामी हेराल्ड'ने घरांच्या नुकसानीच्या नोंदी वाऱ्याच्या वेगाशी व घरांच्या बांधकामवर्षाशी ताडून पाहिल्या. नव्या घरांचे नुकसान तुलनेने अधिक झाल्याचे त्यातून दिसले आणि बांधकामनियमांच्या ढिलाईकडे लक्ष वेधले गेले. या कामाला १९९३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. समाजशास्त्रीय पद्धती वापरणाऱ्या उत्कृष्ट वार्तांकनासाठी २००५ पासून 'फिलिप मायर पारितोषिक' दिले जाऊ लागले.

इंग्रजीखेरीज स्पॅनिश भाषेत या विचाराचा विशेष प्रसार झाला. माद्रिदच्या कॉम्प्लुतेन्से विद्यापीठातील होसे लुइस दादेर यांनी मायर यांच्या पुस्तकाचा केलेला अनुवाद १९९३ मध्ये बार्सेलोना येथून प्रसिद्ध झाला. 'पेरिओदिस्मो दे प्रेसिसिऑन' ही संज्ञा स्पेन व लॅटिन अमेरिकेतील पत्रकारितेच्या अभ्यासात त्यातून रूढ झाली.

डेट्रॉइट सर्वेक्षणाचा सर्वांत थेट वारसा ब्रिटनमध्ये आढळतो. ऑगस्ट २०११ मध्ये लंडनच्या टॉटनहॅम भागात पोलिसांच्या गोळीबारात मार्क डगन यांचा मृत्यू झाल्यानंतर इंग्लंडमधील अनेक शहरांत दंगली उसळल्या. सरकारने त्यांचे वर्णन निव्वळ गुन्हेगारी असे केले. तेव्हा 'द गार्डियन' आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स यांनी डेट्रॉइटचा आदर्श समोर ठेवून 'रीडिंग द रायट्स' हा अभ्यास हाती घेतला. दंगलीत सहभागी झालेल्या २७० जणांच्या मुलाखती घेण्यात आल्या. तसेच मँचेस्टर विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील चमूने सुमारे २६ लाख ट्वीट संदेशांचे विश्लेषण केले. मुलाखत दिलेल्यांपैकी ८५ टक्के लोकांनी पोलिसांची वागणूक हे दंगलीचे महत्त्वाचे कारण असल्याचे सांगितले. या अभ्यासाच्या निमित्ताने, वयाच्या ८१ व्या वर्षी मायर यांनी 'द गार्डियन'मध्ये लेख लिहून दोन्ही घटनांची तुलना केली.

आक्षेप व मर्यादा

डेट्रॉइट सर्वेक्षणाच्या मर्यादाही लक्षात घेण्याजोग्या आहेत. दंगलीतील सहभागाची माहिती उत्तरदात्यांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेली होती. हमी मिळूनही काहींनी सहभाग लपवला असण्याची शक्यता राहते. घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत त्या वेळी तुरुंगात असलेले व कायमचा पत्ता नसलेले लोक सुटतात. शिवाय सहभागी व्यक्तींची वैशिष्ट्ये कळली, तरी दंगल त्याच दिवशी आणि त्याच ठिकाणी का उसळली हे सर्वेक्षण सांगू शकत नाही.

अचूक पत्रकारितेवर घेतला जाणारा व्यापक आक्षेप असा की, आकड्यांवर भर दिल्याने जे मोजता येत नाही ते दुर्लक्षित राहते आणि माणसांच्या कहाण्या तक्त्यांमध्ये हरवतात. दैनिकाच्या घाईत समाजशास्त्रज्ञाचा काटेकोरपणा पाळणे शक्य नाही, अशीही शंका घेतली गेली. मायर यांनी आकडे व अनुभवकथन यांना परस्परविरोधी मानले नाही. व्यक्तीची कहाणी बातमीला जिवंतपणा देते, पण ती कहाणी प्रातिनिधिक आहे की अपवादात्मक, हे विदेच्या आधाराशिवाय कळत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

प्रमुख ग्रंथ

• प्रिसिजन जर्नलिझम (१९७३, 'द न्यू प्रिसिजन जर्नलिझम' ही आवृत्ती १९९१, चौथी आवृत्ती २००२)
• द न्यूजपेपर सर्व्हायव्हल बुक (१९८५)
• एथिकल जर्नलिझम (१९८७)
• असेसिंग पब्लिक जर्नलिझम (१९९८, एडमंड लॅम्बेथ व एस्थर थॉरसन यांच्यासह संपादन)
• द व्हॅनिशिंग न्यूजपेपर (२००४, दुसरी आवृत्ती २००९)
• पेपर रूट : फाइंडिंग माय वे टू प्रिसिजन जर्नलिझम (२०१२, आत्मचरित्र)